दस्ता उजवा की डावा

१४ सप्टें., रीडिंग, इंग्लंड
रायफल क्लबात परत शंभरात ८८. वाईट नाही, पण बी टीमला ९२ लागतात आणि जागा एकच. मला ती हवीय. छप्पन्न वर्षांत कुठल्याही खेळात कुणी मला टीममध्ये घेतलेलं नाही. शाळेत लंगडीलासुद्धा मी राखीव.
मान आखडलीय. रायफल झकास, दस्ता कुण्या सहा फुटी साहेबाच्या मापाचा. गाल टेकवला की नेम धरायची साइट दिसत नाही, साइट दिसली की गाल हवेत. आमचा कोच डेरेक म्हणाला, "दस्ताच बदल, ॲडजस्टेबल स्टॉक बसवून घे, डॉक्टर."

१७ सप्टें.
मकरंदने एक्सेल शीट केली. नवरा आयटीवाला असला की दुसरं काय होणार! वजन, गालाची पट्टी किती वर होते, खांद्याकडची बाजू किती लांबते... स्वतः रायफलला हात लावत नाही. परवान्याचं सर्टिफिकेट माझं एकटीचं, त्यामुळे इथल्या कायद्याने रायफलच्या कपाटाची किल्ली कुठे असते हेही त्याला सांगता येत नाही. तीन वर्षं रुसलाय त्यावरून. "सोन्याच्या लॉकरची चालते, हिची नाही!"
लाकडी लॅमिनेट ठरलं. थंडीत ॲल्युमिनियमला गाल लावायचा? नको गं बाई.

२१ सप्टें.
ऑर्डर फॉर्म भरला. 'हँड: राइट / लेफ्ट.' राइट. विचारसुद्धा केला नाही.
पाठवण्याआधी डेरेकला दाखवला. त्याने दोन्ही पंजांचा त्रिकोण करायला लावला. त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ, आता एकेक डोळा मीट. डावा मिटला की घड्याळ गायब. परत केलं. परत गायब.
"तुझा डावा डोळा मास्टर आहे. डाव्या खांद्याला लावून बघ."
म्हटलं, छे, मी उजवी आहे.
गाडीत मोजत बसले. बरणी डाव्याने उघडते. केर डाव्याने काढते. भूल देताना घशात घालायचा लॅरिंगोस्कोप सगळ्यांनाच डाव्या हातात धरावा लागतो. बाकीचे ज्युनियर चाचपडायचे, मी पहिल्या दिवसापासून पटाईत. मूर्ख बाई! तीस वर्षं डॉक्टर, आणि स्वतःचं निदान नाही.

२२ सप्टें.
आईला नागपूरला व्हिडिओ कॉल. सरळच विचारलं, "आई, मी डावरी होते का गं?"
"होतीस. मोडली मी ती सवय. जेवताना हाताला फडकं बांधायचे. तुझी आजी म्हणायची, डावरी पोर पंगतीत वाढणार कशी?" आणि लगेच, "जेवलीस का?"
राग आला. खूप आला. ब्याऐंशी वर्षांच्या बाईवर काय ओरडायचं, म्हणून मकरंदवर चिडले. बिचाऱ्याने चहा करून दिला.

२८ सप्टें.
क्लबची डाव्या हाताची रायफल घेतली. ७१. एकाहत्तर! पण मान दुखली नाही. आणि शेवटच्या पाच गोळ्या एका नाण्याखाली मावतील इतक्या जवळ, फक्त भलत्याच कोपऱ्यात.
डेरेक त्या भोकांकडे बघत राहिला. "टीमची ट्रायल तीन आठवड्यांवर. उजव्याने जागा मिळेलही. डाव्याने यंदा अवघड, पण पुढे..." वाक्य पूर्ण करील तर शपथ.

३ ऑक्टो.
८८ आणि ७१ घातल्यावर शीट म्हणते उजवा घ्या. मकरंद म्हणाला, "शीटला काय कळतंय? तुला काय हवंय?" असं हा वर्षातून एकदा बोलतो.
लेफ्ट. टिक केलं, पाठवला. माझ्या रायफलचा गोळी भरायचा बोल्ट उजवीकडेच राहणार. होईल सवय. सवयी लावून घेण्यात मी तरबेज आहे.
हलकं वाटतंय. भाजणीचं थालीपीठ केलं, दोन खाल्ली.

१० ऑक्टो.
आईचा आपणहून फोन. "डाव्या हाताने तुझं नाव लिहून दाखव."
मकरंदने मोबाइल धरला, मी लिहिलं. वैजयंती. मात्रा भलतीकडे, वरची रेघ उतारावर. आई चष्मा लावून कितीतरी वेळ बघत होती.
"असंच होतं गं तुझं अक्षर," म्हणाली. "चांगलं होतं."
मी रडले, ती रडली. कोण गेलं म्हणून तिकडे नागपुरात वहिनी धावत आली.
स्टॉक ट्रायलच्या आत येईल की नाही, दुकानवाला नक्की सांगत नाही. ट्रायल पुढच्या शनिवारी. डेरेकला सांगितलंय, नाव घाल, डाव्याने.
काल ७९.