एकदाच विचारलंस

ठाणे, माघ वद्य ३, शके १८०९

तीर्थरूप आईस तुझ्या ठकूचा ठाण्याहून साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. वाईची थंडी ओसरली का? तुझा गुडघा कसा आहे?

काल एक गंमत झाली. शेजारच्या एमिलियाबाईंनी परसातले पेरू काढले आणि एक आमच्या चिमीपुढे धरला. चिमी म्हणाली, "नको." त्यांनी तो आपल्या जुलियाला देऊन टाकला. चिमी रडत घरी. "आई, त्यांनी पुन्हा विचारलंच नाही गं!"

मी बाईंना सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. "पोर नको म्हनली, मंग मी कशी देऊ?" आणि चिमीची ओटी पेरूंनी भरली.

मला नवल वाटतं ते चिमीचं. आधी नको म्हणायचं, आग्रह झाला की घ्यायचं, हे चार वर्षांच्या पोरीला मी कधीच शिकवलं नाही. पाहुण्यांचं बघून शिकली म्हणावं, तर नको म्हणताना ती हात मागे घेऊन जमिनीकडे बघते. हे मला म्हणतात, "अगदी तुझ्यासारखी!" मी अशी बघते हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं का?

पाय थोडे सुजतात, पण सातव्या महिन्यात ते व्हायचंच.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, बाळंतपणाला वाईला येतेस का. मी लिहिलं, नको, ह्यांच्या जेवणाचे हाल होतील.

आई, तू एकदाच विचारलंस.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून,
ठकू