झुडपावरची लाल चिंधी

रविवार, संध्याकाळ. भोर.

पाणमांजरं दिसली, तर आनंद व्हायला हवा होता. धरणात मासे धरणाऱ्या तुकाकाकांच्या होडीला आम्ही मित्रांनी चादरीचं शीड बांधलं होतं. वल्ह्यांचा आवाज नाही, म्हणून ती बुजली नाहीत. पिल्लंही होती. सगळी काठावरच्या बिळात शिरली. मीच ओरडून दाखवलं. काकांनी तिथल्या झुडपाला लाल चिंधी बांधली. मला वाटलं, मासे धरायची खूण असेल.

परतताना विचारलं, तर म्हणाले, "जाळी फाडत्यात ती. कवाधरनं बीळ हुडकतोय, घावतच नव्हतं."

ती चिंधी सोडून आणावी का? पण फाटलेली जाळी काकू दिवसदिवस विणत बसतात, तेही पाहिलंय. मग?

उतरताना काका मायेनं म्हणाले, "तुमची नजर लई तेज हाय. पुढच्या रविवारी बी या."