मंत्र्यांपुरतं छप्पर

सुमिरास तुमीजानचा सलाम.

मी मजेत आहे. रोज भात, तळलेलं सोयाबीनचं तेंपे, शिवाय कोंबडी! तुझा खोकला कसा आहे?

इथलं नवं स्टेडियम सरकारी तिजोरी खरवडून उभं केलंय, पण छप्पर आहे ते फक्त मंत्र्यांच्या खुर्च्यांवर. बाकीच्यांवर घालायला पैसे उरले नाहीत, म्हणून पाऊस अडवायला मला बोलावलं! शनिवारी आशियाभरचे खेळाडू मैदानात उतरतील. चारही कोपऱ्यांत मी मिरच्या-कांदे टोचलेल्या काड्या रोवल्यात. एक थेंब पडणार नाही, लिहून ठेव.

स्टेडियमच्या साहेबांना म्हटलं, "पाऊस नाहीसा होत नाही हो, सरकवावा लागतो. कुठे धाडू?"

"धाडा की कुठेही, काका! दक्षिणेला नुसते डोंगरच तर आहेत."

त्या डोंगरात आपलं गाव आहे, हे त्यांच्या गावीही नाही. तुझ्या शाळेच्या छपराचे पैसे याच स्टेडियमकडे वळवले, ते मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे. मी ठणकावलं, "उत्तरेला, जावाच्या समुद्रात ढकलतो."

आणि तिकडेच ढकलणार. आजवर माझा नेम चुकलेला नाही.

तरी सुमिरा, शुक्रवारीच मुलांची पुस्तकं शाळेतून आपल्या घरी आणून ठेव.

तुझाच,
तुमीजान