चार नंबरचा डबा

१५ जून २००८

दोरी सोडतानाच ट्रंक गाडीवरून घसरली, झाकण उघडलं आणि आईनं केळी वाळवून बांधून दिलेली सुकेळी वाळूत पसरली. ड्रायव्हरनं वाकून एक उचललं, फुंकर मारून तोंडात टाकलं आणि मराठीत विचारलं, वसईचं का? मला हसूच आवरेना. दोह्यापासून सगळा रस्ता आम्ही एकमेकांशी मोडकी हिंदी बोलत आलो होतो. त्याचं नाव जालिंदर. बीडकडचा, आष्टीचा.

कॅम्प अल रुवैस बंदराच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. विहीर खणायची रिग, पोर्टाकॅबिनच्या दोन रांगा, मेस. समुद्र दिसत नाही, वास येतो. खोली स्वच्छ आहे. खिडकीला पडदासुद्धा आहे.

काम सोपं आहे. फार खोलवरून शेल काढतात, काळा, पापुद्र्यांचा खडक. वर येताच त्याचे तुकडे ॲल्युमिनियमच्या डब्यांत बंद करायचे आणि गरम पाण्याच्या टाकीत ठेवायचे. खडकात अडकलेला गॅस हळूहळू सुटतो, रबरी नळीतून उलट्या काचेच्या नळकांड्यात शिरतो आणि तिथलं पाणी खाली ढकलतो. पाणी किती उतरलं ते मी लिहायचं. रोज कमी कमी उतरतं, मग थांबतं. इथे आणखी विहिरी खणायच्या की नाही, ते या आकड्यांवर ठरणार.

लॅबचा प्रमुख अब्बास, कराचीचा. चहा उत्तम करतो. एकच नियम त्यानं दोनदा सांगितला: लॅबमध्ये कुणी झोपायचं नाही. गॅस असतो.

१७ जून

दुपारी बाहेरची कामं बंद असतात. ड्रायव्हर लोकांच्या कॅबिनचा एसी बिघडलाय. लॅबचा एसी यंत्रांमुळे कधीच बंद होत नाही. जालिंदर दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, आरनभाऊ, तिकडं नुसती भट्टी हाय, घटकाभर हितं पडू का? आपल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? टाकीशेजारचा बाक दिला. अब्बास त्या वेळी त्याच्या कॅबिनमध्ये घोरत असतो, त्याला कळणार नाही.

टाकीकडे बघून जालिंदर म्हणाला, अंडी उकडायला बेस हाय. पडल्या पडल्या झोपला.

२० जून

शुक्रवार, म्हणून दोह्याला गेलो, नव्या चर्चमध्ये मिस्सा. नंतर अल गराफाला बेनेडिक्टकडे जेवण. हा माझा मावसभाऊ, नोकरी त्यानंच लावून दिली. काम काय, असं जसिंता वहिनीनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे दगडाचा वायू सरतो तो मोजायला माणूस मुंबईहून मागवला! सगळे हसले. त्यांच्या मुलानं इंग्रजीत विचारलं, दगड मेलाय की जिवंत आहे? त्यावरही हसलो.

२२ जून

चार नंबरच्या डब्याचा गॅस कमी होत नाही. बाकीचे मंदावले, हा वाढतोय. तोही दुपारीच. अब्बासनं डब्याच्या नळीवरचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवायला सांगितलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, आकडे तूच लिहितोस ना?

त्याचा माझ्यावर संशय आहे. माझा जालिंदरवर. दुपारी लॅबमध्ये तोच असतो. गॅस लागला तर कॅम्प राहील आणि त्याची नोकरीही, हे त्यानं मेसमध्ये चारचौघांत बोलून दाखवलंय. फुंकरा मारत असेल नळीत.

२४ जून

जेवायला जातो म्हणून निघालो आणि दाराच्या काचेतून पाहत उभा राहिलो. ऊन असं की काचेला नाक लावता येईना.

त्यानं कशालाही हात लावला नाही. पाठीवर झोपला होता. तोंड उघडं.

चार नंबरच्या नळकांड्यातलं पाणी खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. वर यायला नको. गॅस सुटतो, परत आत जात नाही. पुन्हा खाली. पुन्हा वर. मग लक्षात आलं, मी एकाच वेळी दोन गोष्टींकडे बघतोय. त्याची छाती भरली की पाणी चढत होतं. छाती सुटली की उतरत होतं.

२५ जून

जालिंदर उठून गेल्यावर अब्बासला आणून ते पाणी दाखवलं. तो म्हणाला, रिगचे पंप चालू आहेत, इथे सगळंच तालावर हलतं, तुझी खाटही हलत असेल. ऊन लागलंय, लिंबूपाणी पी. बाकावर कोण झोपतं ते मी सांगितलं नाही. आधी परवानगी मीच दिली होती.

जालिंदर आता गाडीत चढताना थांबतो, दाराला धरून उभा राहतो. वय झालं म्हणतो. माझ्याहून लहान आहे.

२६ जून

तो झोपला असताना व्हॉल्व्ह बंद केला.

त्याची छाती जिथे होती तिथेच थांबली. ओठ काळपट व्हायला लागले. व्हॉल्व्ह उघडला. त्यानं श्वास घेतला, कुशीवर वळला, झोपेतच काहीतरी पुटपुटला.

पंप असतील. योगायोग असेल. खात्री करायला पुन्हा बंद केला.

तिसऱ्यांदा केला नाही.

२७ जून

त्याला लॅबमध्ये यायला बंदी केली. म्हणाला, तुमीबी सायब झाला का? मेसच्या जमिनीवर झोपतो.

पाणी थांबलं नाही. तो जवळ असो-नसो. संध्याकाळी अल रुवैसच्या धक्क्यावरून त्याचा फोन आला, मासळी आणू का म्हणून. धक्क्याच्या पायऱ्या चढून आला होता, धापा टाकत होता. मी नळकांड्यासमोर उभा होतो. तो खोकला. पाणी थरथरलं. तो हसला —

फोन ठेवला.

२८ जून

एक तारखेला चार नंबर दोह्याला जाणार. अब्बासनं समजावून सांगितलं, मला माहीत नसल्यासारखं. आधी व्हॉल्व्ह बंद, मग वाहतूक, मग तिकडे खडक गिरणीत घालून पीठ करायचं. आत उरलेला गॅस मोजायला.

पुढे ढकला म्हटलं. का, म्हणाला. आणखी थोडे दिवस आकडे घेऊ, एवढंच म्हटलं. नको म्हणाला.

डब्याजवळ बसून राहतो. दुसऱ्या कुणी हात लावू नये. झोप नाही.

२९ जून

जालिंदरला सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. हसेल वाटलं होतं. हसला नाही. नळकांड्यासमोर उभा राहून त्यानं श्वास रोखला, सोडला, पुन्हा रोखला. पाण्याकडे पाहत राहिला.

एकच विचारलं. म्या हितं झोपायच्या आदी ह्ये हलत हुतं का?

नाही, म्हटलं. तू झोपलास तेव्हापासून.

त्यानं बाकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. गेला. पोरींना फोन करायचाय म्हणाला.

३० जून

अब्बास दोह्याला, कागदपत्रांसाठी. उद्या सकाळी येणार.

दुपारी जालिंदर चहा घेऊन आला. गोड होता. म्हणाला, लई दिस डोळा न्हाई तुमच्या, भाऊ. मपल्यापायी जागताय. पडा जरा. व्हॉल्व्हला कुणाला शिवू देत न्हाई म्या.

नको म्हटलं. त्यानं बाक पुसला. उशीला स्वतःची घडी केलेली चादर ठेवली. किती मायेनं. का इतक्या —

पाच मिनिटं फक्त. बसूनच. तो माझ्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघ—

१ जुलै

सकाळ झाली आहे. कालपासून झोपलो होतो. कुणी उठवलं नाही. बाकावरून उठून बाहेर गेलो.

जालिंदर रिगच्या पायऱ्या एका दमात चढून गेला. मी खालून पाहिलं. हाक मारली. हाक नीट निघाली नाही. त्यानं ऐकली. वळला नाही.

लॅबपर्यंत परत येताना दोनदा थांबलो.

श्वास रोखला. पाणी थांबलं.

सोडला. उतरलं.

आता जालिंदरनं गाडी दाराशी लावली आहे. इंजिन चालू. बाहेरूनच घाई करतोय, यल्ला, यल्ला, चला म्हणतोय. आत येत नाही. अब्बास आत आला. त्याला सांगितलं, बंद करू नकोस. तो म्हणाला, तुझा चेहरा बघ कसा झालाय, तू क्लिनिकला जा. उठून त्याचा हात धरायला गेलो. पाय उचलेना. मग म्हटलं, निदान एवढं लिहून होईपर्यंत थांब. बरं, लिही म्हणाला. थांबला नाही. त्याचा हात व्हॉल्व्हवर आहे, तो फिर