हजेरीपटावरचा हिवाळा

बाई, काल तुमचा जुना हजेरीपट माझ्या हाती आला आणि अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही. शाळेतल्या नव्या सरांनी बोलावलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची यादी करायची होती. माझी शाळा सातवीत सुटली, पण अक्षर तुमच्या हाताखालचं, म्हणून असली कामं माझ्याकडे येतात. जुनी नावं ताडून पाहायला सरांनी कपाट उघडलं. चौथीचं पान. माझं नाव, आणि पुढे दिवाळीपासून होळीपर्यंत रोज हजर. मी तीनदा बोट फिरवलं. एकही खाडा नाही.

त्या हिवाळ्यात मी शाळेत नव्हतो, बाई. उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळत होतो. निघताना तुम्हीच दुरेघी वही दिलीत. "रोज एक पान. नुसता ऊस खात बसशील तर बघ!" परत आलो तर वर्गासमोर म्हणालात, "या साखरसम्राट! पानं चौदाच? बाकीची बैलांनी खाल्ली का?" पोरं हसली, मी मान खाली घातली. तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "पोरं गेली म्हणून लिहिलं असतं तर पट घसरला असता, शाळाच बंद झाली असती. बाईंनी शाळा वाचवली, गाव बराबर म्हणतं. पण कागदावर इथून कुणी गेल्तंच न्हाई. मंग हंगामी वसतिगृह कुणासाठी मंजूर व्हावं?" शेजारच्या गावात ते होतं. आईबाप फडावर गेले तरी तिथली पोरं गावातच जेवायची, शिकायची. आमचं नशीब, असं मी इतकी वर्षं समजत होतो. ती तुमच्या हातची निळी शाई होती.

यंदाही पट काठावर आहे. तोच धाकटा भाऊ आता फडावर निघालाय, त्याची पोरगी तिसरीत. तो म्हणतो, "दादा, हजरच लाव की तिला. शाळा तरी ऱ्हाईल." मी यादीत पहिलं नाव तिचंच घातलं : स्थलांतर होणार. वसतिगृह आलं नाही तर शाळाही जाईल, ही धास्ती आहेच.

तुमच्यासमोर हे मला बोलवलं नसतं. हा कागद त्या चौदा पानांच्या वहीत ठेवतो. एक मात्र खरं सांगतो. ती ओळ पाहून राग नंतर आला. आधी क्षणभर बरंच वाटलं, की मी शाळेत होतो.