दारियाचा घेरदार स्कर्ट

विनिपेग, सोमवार, ११ मे १९५३

शिवणाच्या दुकानात परत गेले! पण पुढे नाही — मागच्या खोलीत. फिंकलबाई गळ्यात पडल्या, चहा दिला, आणि माझी खुर्ची उचलून मागे नेऊन ठेवली. "इथे उजेड चांगला आहे गं." तिथे खिडकीच नाही!

रागावले नाही. आजारी पडण्याआधी मीच पुढे असायचे, गिऱ्हाइकांच्या अंगावर कपडा बसवून द्यायचे. आता चालताना पायाला बांधलेलं लोखंडी कॅलिपर वाजतं — टक, खर्र, टक. पोलिओ झालेली मुलगी टाचण्या लावायला आली तर गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरेल. बाईंनाही दुकान चालवायचंच आहे.

दिवसभर स्कर्टच. सगळ्यांना तोच हवाय — भरपूर घेराचा, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा. सगळ्या अंगांना एकच कपडा कसा चालेल? पण प्रत्येकीला वाटतं, मासिकातल्या बाईसारखा आपल्यालाही दिसेल.

गुरुवार, १४ मे

पडद्यापलीकडे एक जाड बाई. "गवताची गंजी दिसतेय मी," म्हणत होती. आवाज रडवेला. फिंकलबाई आत आल्या. "सांग गं, काय करू हिचं?" मी म्हटलं, चुण्या काढून टाका. निऱ्या घाला, आणि पोटाखालपर्यंत शिवून बसवा. घेर तिथून सुटू दे.

दुपारी ती बाई आरशासमोर हसली. ऐकू आलं. तेवढंच. पण बरं वाटलं.

रविवार, १७ मे

धाकट्या दारियाचं लग्न ठरलं! २५ जुलै. रोमानशीच — बाबांच्याच रेल्वे कारखान्यात काम करतो, दोन वर्षं आमच्या ओट्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडतोय. आई म्हणाली, "एकदाचा बोलला! मला वाटलं, बियाच खायला येतो."

लग्नाचे सगळे कपडे मी शिवायचे. आणि करवल्या तीन — रोमानची बहीण नूस्या, दारियाची मैत्रीण लेस्या, आणि मी! दारियाने विचारलं नाही, जाहीरच केलं.

तिला नवरीचा स्कर्टही पोटरीपर्यंतच हवा. आई भडकली. "चर्चमध्ये नवरी पोटऱ्या दाखवत जाणार?" "मला नाचायचंय आई! लांब झग्यात काय नाचणार, लोटांगण घालू?" बाबा पेपरामागून म्हणाले, "नाचू दे की. माझ्या लग्नात तूही नाचलीस." आईने बाबांच्या पायाखालचं स्टूलच काढून घेतलं. बाबा पुन्हा पेपरामागे.

शनिवार, ६ जून

मापं घेतली. कापड एकच, फिकट हिरवं. अंगं मात्र तीन तऱ्हांची.

नूस्या गोल, बुटकी. आल्या आल्या पोट आत घेऊन उभी. म्हटलं, सोड गं श्वास, लग्न दिवसभर चालणार आहे! तिचा स्कर्ट जरा आखूड हवा. पोटरीच्या सगळ्यांत भरलेल्या जागी काठ आला की पाय तिथेच तुटल्यासारखे दिसतात. कमरपट्टी अरुंद. घेर कमी नाही करायचा — फक्त कमरेपासून दूर न्यायचा.

लेस्या म्हणजे दाराची चौकट. खांदे रुंद, खाली काहीच नाही. तिला भरपूर चुण्या, आत ताठ परकर. परकरावर कापड टाचून दिल्यावर ती स्वतःभोवती गर्रकन फिरली — "स्टेफ्का, मला कंबर आहे!" आम्ही हसून हसून बेजार.

माझं माप राहिलं.

बुधवार, १० जून

आज घेतलं. खोलीला कडी लावून.

कमर नेहमीचीच. पण डावी बाजू खाली बसते, म्हणून काठ डावीकडे लोंबतो. कमरेवरून खाली मोजत राहिले तर कधीच सरळ येणार नाही. जमिनीवरून वर मोजायला हवं. मोजपट्टी उभी धरून गोल फिरायचं — स्वतःच्याच भोवती! तीनदा पडता पडता वाचले.

घेर चालताना कॅलिपरच्या गुडघ्याजवळच्या कडीत अडकतो. आतून अस्तराची पट्टी लावली. आता अडकत नाही. पायाची दांडी आणि काळा बूट मात्र काठाखाली दिसतोच. कितीही घेर द्या.

शुक्रवार, १२ जून

आई म्हणाली, "तुझा घोट्यापर्यंत लांब कर. कुणाच्या लक्षात यायला नको." मग म्हणाली, "किंवा तू बसूनच राहा. चर्चला पायऱ्या आहेत."

दारिया तिथेच होती. वाटाणे सोलत. गप्प. आईपेक्षा तेच जास्त लागलं.

रविवार, २१ जून

नऊ दिवस दारियाशी धड बोलले नाही. आज तीच आली, पलंगावर बसली. "तू बोलशील म्हणून मी थांबले होते. दर वेळी मी तुझ्या वतीने बोलायचं का? तू काय लहान आहेस?"

"मला सगळ्यांच्या एवढाच हवा."

"मग हे आईला सांग ना!"

सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, कोबीची पानं वळताना. आईने भाताचा गोळा पानात घालून इतका आवळला की पान फाटलं.

रविवार, ५ जुलै

शहरात पोलिओ पुन्हा सुरू झाला. पोहण्याचे तलाव बंद. मुलं अंगणातच. सेलकर्क रस्त्यावर आज दोघी माझ्याकडे बघून पलीकडच्या बाजूला गेल्या. एकीला मी ओळखते.

संध्याकाळी रोमानची आई आली. हॅट काढली नाही, म्हणजे भांडायलाच आलेली. "पाहुणे विचारताहेत. थोरलीला करवली करू नका. लोक यायचे नाहीत."

मी स्वयंपाकघरात. सगळं ऐकू येत होतं. आता आई हो म्हणणार, अशी माझी खात्रीच.

आई म्हणाली, "विहीणबाई, माझी मुलगी पुढून चालणार. दारियाच्या पुढून. ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी बसून आमच्यासाठी प्रार्थना करावी."

"अहो, पण पायाचं ते लोखंड दिसेल सगळ्यांना —"

"दिसू दे! चोरून आणलंय का?"

रोमानची आई गेल्यावर आईने सगळी भांडी पुन्हा घासली. घासलेलीच होती. मी शेजारी उभी राहून पुसत गेले. एकमेकींकडे पाहिलं नाही.

गुरुवार, २३ जुलै

लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

दुपारी दारियाचा शेवटचा काठ घ्यायचा होता. साटिनचा पांढरा स्कर्ट, उरेब, म्हणजे तिरका कापलेला. तो दोन दिवस टांगून ठेवावा लागतो, कापड आपोआप खाली उतरतं, मगच काठ. ती स्टुलावर उभी, मी जमिनीवर टाचण्या तोंडात धरून. ती चिडचिडी होती. डोकं दुखतंय म्हणाली. कालपासून. इतकी धावपळ, दुखणारच. मी म्हटलं, खाली बघ, हा काठ बरा वाटतो का?

"मान वळत नाही गं. रात्री वाकडी झोपले असेन."

टाचण्या तोंडातून काढल्या. "हनुवटी छातीला टेकव."

"कशाला?"

"टेकव ना दारिया."

टेकली नाही. ती हसायला लागली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. मागच्या वर्षी डॉक्टरांनी मला हेच करायला लावलं होतं. तिला ठाऊक होतं. ती तेव्हा दारात उभी होती.

स्टुलावरून उतरताना तिचा उजवा पाय मुडपला. स्कर्टसकट माझ्या अंगावर आली.

शनिवार, २५ जुलै

आज लग्न होतं. दाराला आरोग्यखात्याचा कागद लावलाय. कुणी आत यायचं नाही.

रविवार, ९ ऑगस्ट

दारिया हॉस्पिटलात आहे, यंत्रात. श्वास यंत्रच घेतं. आम्हाला आत सोडत नाहीत. खिडकीबाहेर फलाटासारखी गर्दी असते, आईबापांची. रोमान रोज येतो. कामाच्या कपड्यांतच. ती दिसत नाही, तरी हात हलवतो.

रोमानची आई रस्त्यात म्हणाली, "घरातच होता तो आजार." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्यापासून नाही, तुझा केव्हाच संपलाय, या शहरात तो कुठूनही येतो. दोनदा समजावून सांगितलं. पटलं. तरी घरातले सगळे कप मी उकळून काढले.

गुरुवार, ३ सप्टेंबर

यंत्रातून बाहेर! आपला आपण श्वास घेते!! बाबा हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडले.

हात ठीक आहेत. पाय नाहीत. दोन्ही.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

दारिया घरी आली. चाकांच्या खुर्चीत. खुर्ची दारातून जाईना, बाबांनी चौकटीची पट्टीच उखडली.

रोमान ऑगस्टमध्ये होता तसाच आहे. येतो, बसतो, कारखान्यातल्या गमती सांगतो. आज बाबांना म्हणाला, "नाताळाआधीचे उपास सुरू व्हायच्या आत लग्न करून टाकू. २१ नोव्हेंबर." त्याची आईही आली होती. आज हॅट काढली.

आई त्याच्या गळ्यात पडली. दारिया म्हणाली, "बरं."

शनिवार, ७ नोव्हेंबर

दारियाचा स्कर्ट सगळा उसवला. उभ्या अंगासाठी कापलेला होता.

बसलेलं अंग म्हणजे वेगळंच. मागे कापडाची गुंडाळी होते, ती टोचते — म्हणून मागच्या चुण्या काढल्या, मागे सपाट. पुढे मांडीवरून कापड वर चढतं, म्हणून पुढची बाजू लांब. घेर दोन्ही बाजूंना दिला तर चाकात जाणार! तो पुढे, मांडीवर आणला. पोट आत गेलंय तिचं, कमरपट्टी रुंद केली, मऊ. काठ पार पावलांपर्यंत नेला. बारीक झालेल्या पोटऱ्या, पायांना बांधलेले पट्टे — काही दिसत नाही.

घालून बघितला. आई दारातच थांबली. "काही कळतसुद्धा नाही गं!"

मलाही अभिमान वाटला. इतकं सफाईदार काम आजवर केलं नव्हतं. दारिया आरशात बराच वेळ बघत होती. म्हणाली, "लांब केलास."

"बसल्यावर असाच बरा दिसतो."

"हो. असेल."

रविवार, १५ नोव्हेंबर

वेणी घातलेला लग्नाचा पाव उद्या-परवा भाजायचा. नूस्याने पिठाची पोती आणून टाकली. घरात पुन्हा गडबड. फिंकलबाई स्वतः येऊन हातमोजे देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "सोमवारपासून पुढे बस. मागे उजेड नाही."

रोमानने स्कर्ट पाहिला. लग्नाआधी पाहू नये, अपशकुन वगैरे आता कोण मानतंय! म्हणाला, "अगदी पहिल्यासारखी दिसतेस."

दारियाने मला विचारलं, तो गेल्यावर — "त्याने माझे पाय पाहिलेत का गं एकदा तरी?" मी आठवून पाहिलं. हॉस्पिटलात चादर होती. घरी गोधडी. आता हा स्कर्ट.



रविवार, २२ नोव्हेंबर

काल लग्न झालं नाही. शुक्रवारी दारियाने रोमानसमोर स्कर्ट दोन्ही हातांनी धरला आणि गुडघ्यांच्या वर ओढून घेतला. "बघ," म्हणाली.

तो खिडकीकडे बघत राहिला. म्हणाला, "झाकून घे. गार लागेल."

शेगडी पेटलेली होती. खोलीत घाम येत होता आम्हाला.

दारियाने साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या हातात दिली.