चार्जिंगचं झाकण

परभणी, शुक्रवार

प्रिय शिवकन्या,

पत्र बघून तुला वाटेल, वहिनीचा फोन बिघडला की काय. फोन धड आहे, मलाच बोलायचा धीर होत नाही. तू "हां वहिनी, बरं हाय" म्हणून ठेवून देतेस आणि मीही जेवणाखाणाच्या पलीकडे जात नाही. आज भाकरी उरकून लिहायला बसले. कंटाळून गेलेय गं. घरात माणसं दोन, दारात मोडकी गाडी एक, आणि तिघंही गप्प.

वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी आता नुसत्या पेट्रोलवर चालते. घरच्या प्लगला लावून चार्ज व्हायची ते मात्र भादव्यापासून बंद. इथल्या मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि पुण्याला न्या म्हणून हात जोडले. हे विद्यापीठातून आले की चपला काढायच्या आधी त्या तुटक्या झाकणाकडे बघतात. पुण्याच्या साहेबाकडून जुनी घेतली, कागदावर आम्ही दोघंही मालक, पण मला आत बसायचं तर पाय झटकून बसावं लागायचं. घरात लेकरू नाही, मग लाड करणार कुणाचे? तुझी भक्ती आमच्याकडे दोन वर्षं कॉलेजला राहिली, तेवढाच काळ हे लाड तिच्या वाट्याला आले.

भादव्यात गोदागंगेला पाणी चढलं तेव्हा तू सकाळीच आलीस, पदर ओला, पायाला चिखल. "दादा, कळप गंगाखेडच्या खाली उसात अडकलाय, पिल्लं गारठून मरायलीत, गाडी दे." यांनी चावी दिली, हेही तुला आठवत असेल. तुझ्या किशनरावांनी त्या चिखलातून चार खेपा केल्या. बावीस कोकरं जगली. गाडी परत आली ती खालून खरवडलेली, सीटवर लेंड्या, एसीच्या जाळीत लोकर. मी दोन दिवस काडीने लोकर काढत होते. खरं सांगते, तेवढ्यावर हे काही बोलले नसते. लेंड्यांचा वास यांना काय नवा? बालपण त्यातच गेलं.

पण यांनी प्लग लावायला झाकण उघडलं तर ते हातात आलं, आतलं तोंड तडकलेलं. मग फोनवर तुला जे बोलले ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मेंढरं वळणाऱ्यांना गाडी काय कळणार, म्हणाले. स्वतः मेंढरांच्या मागं वाढलेला माणूस, सख्ख्या बहिणीला. तू एवढंच म्हणालीस की आमी त्याला हात न्हाई लावला. यांना ते खोटं वाटलं. भाऊबीजेला तू आली नाहीस, हेही गेले नाहीत.

परवा भक्तीच्या लग्नाची पत्रिका आली. मामाच्या जागी तात्यारावांचं नाव. चुलतभावाचं नाव घातलंस, यात तुझी चूक नाही. यांनी पत्रिका दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि जेवत नाही म्हणाले. त्या पोरीला पाटावर उभं करायला आपण नाही, हे यांना आतून खायलंय, पण मोडेल तरी वाकणार नाहीत.

आता माझं ऐक. तू आलीस त्याच्या आदल्या दिवशी दहा दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. पाण्याच्या मोटारीला आणि गाडीला आमच्याकडे प्लग एकच. हे ऑफिसात. मी गाडीचा काढून मोटारीचा लावला आणि पाइप निसटून अंगणभर पाणी झालं. केबल भिजू नये म्हणून गाडीकडचं टोक काढायला गेले तर निघेना. गाडीला कुलूप असलं की ते टोक आतून धरलं जातं, हे मला कुठलं ठाऊक? चावी यांच्या खिशात. पाय टेकवून हिसका दिला, टोक निघालं पण आतलं तोंड आणि झाकण कडकन मोडलं. झाकण तसंच दाबून बसवलं. केबल गुंडाळून ठेवली आणि यांना सांगितलं की चार्जिंग पूर्ण झालंय. दुसऱ्या दिवशी तू गाडी नेलीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज वाटते. सात महिने तुझ्यावर आळ राहू दिला, कारण यांच्या नजरेची भीती वाटली. तुझं माहेर तुटतंय हे दिसत होतं, तरी गप्प बसले.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळी चहाबरोबर उघडंच यांच्या हातात देणार आहे. वाचा आणि चुडाव्याला बहिणीकडे स्वतः नेऊन द्या म्हणून. तेव्हा हे तुला यांनी दिलं असेल, तर यांना सगळं कळलंय. माफी मागायला यांना जमणार नाही, तू आधी पाणी दे. आणि माझ्या हातून मिळालं असेल, तर मी रेल्वेने एकटीच आलेय, आणि तू हे वाचेपर्यंत तुझ्या दारातच उभी आहे.

तुझीच अपराधी,
साधनावहिनी